तूरमधले तीन आठवडे: वर्गात शाबासकी, गावात दुरुस्ती

पुण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी एकोणीस वर्षे फ्रेंच शिकवते. अकरावी-बारावीला फ्रेंच घेणारी बहुतेक मुले तो विषय ‘स्कोअरिंग’ आहे म्हणून घेतात, हे मला ठाऊक आहे आणि त्याचा आता रागही येत नाही. मात्र इतकी वर्षे ही भाषा शिकवूनही माझा स्वतःचा फ्रान्समधला मुक्काम एका सहलीच्या सहा दिवसांपलीकडे गेलेला नव्हता, हे मनाला लागून राहिले होते. म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत मी तूर या गावातल्या एका खासगी भाषासंस्थेचा तीन आठवड्यांचा अभ्यासक्रम घेतला. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही. वर्गाचे शुल्क ७८० युरो होते, त्यात आठवड्याला २० तासिका. संस्थेनेच ठरवून दिलेल्या स्थानिक कुटुंबात राहण्याचे, सकाळची न्याहारी आणि रात्रीचे जेवण धरून, आणखी ६९० युरो. विमान आणि व्हिसा अर्थातच वेगळे. या दोन रकमांचा हिशेब मी शेवटपर्यंत वेगवेगळाच ठेवणार आहे, कारण एकीतून जे मिळाले ते दुसरीतून मिळाले नाही.

तूरच का, असे मला अनेकांनी विचारले. पॅरिसच्या माँपार्नास स्थानकावरून वेगवान गाडीने सव्वा तासाच्या आसपास लागतो, हे एक कारण. दुसरे कारण संस्थेच्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर छापलेले होते: सर्वांत शुद्ध फ्रेंच तूरमध्ये बोलतात. हे वाक्य वाचून कोणाही पुणेकराला हसू यावे. या दाव्याला थोडा इतिहास आहे. पंधराव्या आणि सोळाव्या शतकांत फ्रान्सचे राजे ल्वार नदीच्या खोऱ्यातच पुष्कळदा मुक्कामाला असत, अकरावा लुई तर तूरला लागून असलेल्या प्लेसीच्या वाड्यात १४८३ साली वारला, आणि पुढे श्रीमंत इंग्रजांची मुले चांगले फ्रेंच शिकायला याच भागात येऊन राहू लागली. राजदरबाराची बोली ती चांगली बोली, आणि दरबार उठून गेल्यावरही गावाने ती पदवी जपून ठेवली. पेशवाई जाऊन दोनशे वर्षे झाली तरी सदाशिव पेठेने आपली पदवी कुठे खाली ठेवली आहे?

पहिल्या सोमवारी लेखी चाचणी घेऊन मला वरच्या गटात टाकण्यात आले. वर्गात बाराच विद्यार्थी असतील असे लेखी आश्वासन होते, प्रत्यक्षात चौदा होते. पण ही तक्रार किरकोळ आहे. खरी तक्रार अशी की वर्गात कोणी कोणाची चूक काढत नसे. शिकवणाऱ्या बाई हुशार, तयारीच्या आणि अत्यंत प्रेमळ होत्या. पण संस्थेचे धोरण ‘आत्मविश्वास वाढवणारे वातावरण’ असे असल्यामुळे कोरियन मुलाने सलग चार नामांची लिंगे चुकवली तरी त्याला ‘फारच छान’ मिळे, आणि मीही एकदा संकेतार्थी रूपात ढोबळ चूक केली तेव्हा मलाही तेच मिळाले. तासिका संपल्यावर मी बाईंना विचारले, तर त्या म्हणाल्या की परदेशी विद्यार्थ्यांना बाहेर पुरेशी बोलणी बसतात, निदान इथे तरी नकोत. त्यांचा हेतू मला समजला. तरी पैसे भरून शाबासकी विकत घ्यायला मी पुण्याहून आले नव्हते.

बाहेरचा अनुभव पहिल्याच संध्याकाळी आला. पावाच्या दुकानात शिरून मी काचेमागच्या मुलीला एकदम ‘तुमच्याकडे अमुक आहे का’ असे विचारले. ती काही क्षण थांबली आणि थंडपणे म्हणाली, ‘बोंजूर, मादाम.’ दुकानात पाऊल टाकताच बोंजूर म्हणायचे, नंतरच काय ते मागायचे, हा धडा मी एकोणीस वर्षे दरवर्षी जूनमध्ये शिकवते. मला तो विसर पडला, आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीने मला पुन्हा पहिल्या बाकावर बसवले.

फ्रेंच माणसे परकीयांच्या फ्रेंचवर नाक मुरडतात, अशी जी कीर्ती जगभर आहे तिचा पुष्कळसा भाग अशा प्रसंगांतून तयार झाला असावा, असे मला आता वाटते. नाराजी असते ती अभिवादन गाळल्याबद्दल, आणि पाहुण्याला वाटते की आपल्या उच्चारांना हसले. दुसरा एक गैरसमज इंग्रजीचा. र्यू नास्योनाल या हमरस्त्यावरच्या एका कॅफेत वेटरने माझे दोन शब्द ऐकले आणि तो इंग्रजीत बोलू लागला. मला ते लागले, म्हणून मी फ्रेंचमध्येच, पण सौम्यपणे, म्हटले की हरकत नसेल तर आपण फ्रेंचमध्येच बोलू या. त्याचे कान लाल झाले. सप्टेंबरपासून तो आयर्लंडमध्ये नोकरीला जाणार होता आणि मिळेल त्या गिऱ्हाइकावर इंग्रजीचा सराव करत होता. आम्ही तोडगा काढला: मागणी फ्रेंचमध्ये, बिल इंग्रजीत.

आता चीजवाल्याकडे वळते, कारण या गावाची रीत मला त्याच्या गाळ्यासमोर नीट कळली. तूरच्या मंडईत, म्हणजे लेझ आलमध्ये, तूरेन प्रांताचे सुप्रसिद्ध सँत-मोर चीज मिळते: शेळीच्या दुधाचे, राखेत घोळवलेले, जेमतेम वीतभर लांबीचे, आणि मधोमध या टोकापासून त्या टोकापर्यंत राय धान्याची एक काडी घातलेले. सँत-मोर हे गावाचे नाव, आणि त्यातला ‘सँत’ म्हणजे संत स्त्री. तेव्हा व्याकरणाचा पूर्ण विचार करून, स्त्रीलिंगी उपपद लावून, मी मोठ्या आत्मविश्वासाने ‘यून सँत-मोर’ मागितले. चीजवाल्याने मान वर न करता म्हटले, ‘अँ. अँ सँत-मोर.’ म्हणजे पुल्लिंगी. चीज हा शब्द पुल्लिंगी, म्हणून गावाचे नाव घेतलेले चीजही पुल्लिंगी, मग त्या नावात संत बाई असो की महाराणी. मी ‘अँ सँत-मोर’ म्हटले. तेव्हा त्याने मान वर केली, चीज कापून काडी बाहेर ओढली आणि तिच्यावर लेसरने कोरलेली अक्षरे मला दाखवली. प्रमाणित नावाने विकल्या जाणाऱ्या प्रत्येक काडीवर ती असतात, ती नसतील तर घेऊ नका, असे बजावले, आणि सुरीच्या टोकावर एक तुकडा चाखायला दिला. रांगेत माझ्यामागे सहा माणसे होती. कोणी चुळबूळ केली नाही. उलट एका आजोबांनी काडी कशासाठी असते यावर स्वतःचे मत दिले आणि चीजवाल्याने त्यांनाही दुरुस्त केले.

या दुरुस्तीत चढेलपणा शोधायला गेले तर सापडत नाही. शब्द बरोबर करून परत हातात दिला जातो, जसा एखादा माणूस तुमची खाली पडलेली छत्री उचलून देतो, आणि बोलणे पुढे चालू राहते. ‘पा माल’, म्हणजे ‘वाईट नाही’, हे त्यांच्या तोंडचे बऱ्यापैकी मोठे कौतुक आहे. ‘तुम्ही किती छान फ्रेंच बोलता’ हे मात्र मला तेव्हाच ऐकायला मिळाले जेव्हा मी अगदी थोडे बोलले होते. जसजशी मी जास्त बोलू लागले तसतशी स्तुती थांबली आणि चुका काढणे वाढले. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी मला उमगले की ही बढती आहे.

राहण्याचे घर मिळाले ते शेर नदीच्या बाजूला, ट्रामच्या थांब्यापासून पाच मिनिटांवर. घरमालकीणबाई सत्तरीच्या, निवृत्त टपाल कर्मचारी, एकट्या. मी त्यांना मादाम म्हणे आणि त्या मला. पहिल्या रात्री जेवताना त्या म्हणाल्या की तुम्ही पुस्तकासारखे बोलता. ते खरेच होते: मी नकारातला ‘न’ कधी गाळत नव्हते, ‘आपण’ या अर्थी सगळे जण ‘ओँ’ म्हणतात तिथे मी ‘नू’ म्हणत होते, आणि मीठ मागतानाही माझी वाक्यरचना नोटरीच्या कागदासारखी होती. मराठी माणूस फ्रेंचचे नाकातले स्वर उच्चारतो खरे, पण शेवटी एक ‘न’ हळूच चिकटवून ठेवतो. मादामनी तो माझ्याकडून पंधरा दिवस काढून घेतला. ‘वर’ आणि ‘खाली’ या दोन फ्रेंच शब्दांत फक्त एका स्वराचा फरक आहे आणि तो स्वर मराठीत नाही, त्यामुळे मुरंब्याची बरणी मी तीन वेळा चुकीच्या फळीवर शोधली. चौथ्या वेळी त्यांनी बरणी दाखवली नाही. ओठांचा चंबू करून स्वर म्हणायला लावला, आणि मगच बरणी दिली.

बुधवारी फ्रान्समधल्या बहुतेक प्राथमिक शाळांना सुट्टी असते, आणि बुधवारी मादामचा दहा वर्षांचा नातू येई. जेवणानंतर मेणकापड घातलेल्या टेबलावर त्याची ‘दिक्ते’, म्हणजे आपल्या शब्दांत श्रुतलेखन, होत असे. दुसऱ्या बुधवारी मीही वही घेऊन बसले. मग मादामनाही राहवले नाही. त्यांनी उतारा नातवाच्या आईला फोनवरून वाचायला लावला आणि स्वतःही लिहिला. दूरचित्रवाणीवर १९८५पासून बेर्नार पिव्हो यांची श्रुतलेखनाची स्पर्धा होत असे तेव्हा त्या पेन्सिल घेऊन पडद्यासमोर बसत, असे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते. निकाल असा लागला: नातवाच्या सात चुका, माझ्या दोन, मादामची एक. त्यांनी ‘शारियो’, म्हणजे ढकलगाडी, या शब्दात दोन ‘र’ लिहिले होते. त्याच कुळातल्या ‘शारेत’ला दोन ‘र’ लागतात आणि ‘शारियो’ला एकच, हा फ्रेंच लेखनातला जुना खोडसाळपणा आहे. नातू टाळ्या पिटत होता. मी मध्यस्थी केली की ६ डिसेंबर १९९० रोजी सरकारी राजपत्रात प्रसिद्ध झालेल्या लेखनविषयक शिफारशींप्रमाणे दोन ‘र’ही चालतात, तेव्हा तुमची चूक धरता येत नाही. मादामनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, ‘ही सवलत मला नको.’ आणि स्वतःच्या वहीत लाल रेघ ओढली.

तिथे एक शब्द आपल्याला लक्षात घ्यायला हवा. लेखनातल्या चुकीला फ्रेंच माणूस सहसा ‘एरर’ म्हणत नाही, ‘फोत’ म्हणतो, आणि ‘फोत’मध्ये दोष, अपराध हाही अर्थ आहे. जुन्या प्राथमिक शिक्षणाच्या प्रमाणपत्र परीक्षेत श्रुतलेखनात पाच ‘फोत’ झाल्या की शून्य गुण मिळत. आपणही काही कमी नाही. लेखनाच्या नियमांना आपण ‘शुद्धलेखन’ म्हणतो, म्हणजे चुकणारा माणूस अशुद्ध झाला. चूक आणि पाप यांच्यातली भिंत पातळ असलेल्या भाषा जगात थोड्या नसाव्यात.

हा स्वभाव आला कुठून, याचे उत्तर मादामच्याच घरात होते. त्यांची आई ब्रिटनीच्या पश्चिम टोकाची, घरात ब्रेताँ ही तिथली, फ्रेंचहून अगदी वेगळी भाषा बोलणारी. शाळेत ब्रेताँ शब्द तोंडून निघाला की गळ्यात एक लाकडी वस्तू अडकवली जाई, आणि ती काढायची तर दुसऱ्या कोणाला तरी ब्रेताँ बोलताना पकडून द्यावे लागे. पुष्कळ शाळांत चालणाऱ्या या प्रकाराला ‘सँबोल’ म्हणत. आईने मुलांशी ब्रेताँचा एक शब्दही बोलायचा नाही असे ठरवले आणि ते पाळले. इतिहासाच्या पुस्तकांत याची वरची बाजू दिसते: १५३९च्या व्हिलेर-कोतरेच्या राजाज्ञेने न्यायालयाचे कागद फ्रेंचमध्ये करायला लावले, १७९४ साली धर्मगुरू आब्बे ग्रेग्वार यांनी क्रांतिसभेपुढे अहवाल ठेवला की नीट फ्रेंच बोलणारे देशात सुमारे ३० लाखच आहेत आणि प्रादेशिक बोल्या नाहीशा केल्या पाहिजेत, आणि शिक्षणमंत्री ज्यूल फेरी यांच्या १८८१-८२च्या कायद्यांनी शाळा मोफत आणि शिक्षण सक्तीचे झाल्यावर ते काम गावोगावच्या गुरुजींच्या हाती आले. म्हणजे ज्या माणसांना आपण फ्रेंचचे जन्मजात मालक समजतो, त्यांच्यातल्या पुष्कळांच्या आजी-आजोबांनी हीच भाषा शाळेत, परक्यासारखी, छड्या खात शिकलेली आहे. ज्याला स्वतःला दुरुस्त करून करून घडवले, तो दुसऱ्याला दुरुस्त करताना आपण काही वेगळे करतो आहोत असे त्याला वाटतच नाही.

देशातल्या देशातही उच्चारांची उतरंड आहेच. २०१८ साली डावे पुढारी झाँ-ल्युक मेलाँशों यांनी तुलूझच्या हेलाने प्रश्न विचारणाऱ्या एका पत्रकार महिलेची नक्कल केली आणि फ्रेंचमध्ये प्रश्न विचारणारे कोणी आहे का, अशी पृच्छा केली. त्यावर बराच गदारोळ झाला. नोव्हेंबर २०२०मध्ये उच्चारावरून होणारा भेदभाव दंडनीय ठरवणारे विधेयक नॅशनल असेंब्लीत पहिल्या वाचनाला मंजूरही झाले. मादामना मेलाँशोंचा संताप होता. तुलूझचा हेल मात्र त्यांनाही ‘सुट्टीत ऐकायला गोड’ वाटत होता.

तेव्हा सगळे गोड आहे असे मी लिहिणार नाही. मी तिथे युरो खर्च करणारी, तीन आठवड्यांनी परतणारी पाहुणी होते, आणि माझ्या चुकांना मिळालेला वेळ सर्वांच्या चुकांना मिळत नाही. माझ्या वर्गात वृद्धाश्रमात काम करणारी एक कोलंबियन बाई होती. फ्रेंच नागरिकत्वासाठी पूर्वी बी-१, म्हणजे युरोपीय भाषामापनातली मधली पातळी, पुरत असे, २०२४च्या कायद्यान्वये १ जानेवारी २०२६पासून तिच्या वरची बी-२ लागते, आणि त्यामुळे ती रात्रपाळी करून सकाळी वर्गाला येऊन बसे. तिच्या बोलण्यातली चूक आणि माझ्या बोलण्यातली चूक जवळजवळ सारखी असे. मला चीजवाला सुरीच्या टोकावर तुकडा देई. तिला एका कार्यालयाच्या खिडकीवर तेच वाक्य तीनदा म्हणायला लावले आणि प्रत्येक वेळी उत्तर अधिक मोठ्या आवाजात दिले, जणू ती बहिरी आहे. तिने हे मला हसत हसत सांगितले. मला मात्र हसता आले नाही. आणि आमच्या शिक्षिका, ज्या कधी कोणाची चूक काढत नसत, त्या मूळच्या कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूपच्या. ते बेट फ्रेंचांनी घेतले १६३५ साली, फ्रेंच अकादमी स्थापन झाली त्याच साली. तरी गावातली भली माणसे त्यांना अजूनही विचारतात की इतके छान फ्रेंच तुम्ही शिकलात कुठे. हे ऐकल्यावर वर्गातल्या ‘फारच छान’विषयीचा माझा राग बराच निवळला, जरी शुल्काबद्दलचे मत बदलले नाही.

एक गोष्ट मला तिथे बसून पुण्याविषयी कळली. आपल्याकडे बाहेरून आलेला रिक्षावाला किंवा भाजीवाली धडपडत मराठीचे एक वाक्य जुळवते, आणि आपण काय करतो, तर चटकन हिंदीत उत्तर देतो. सोयीसाठी म्हणून, पुष्कळदा सौजन्य म्हणूनही. त्या माणसाचे मराठी तिथेच खुंटते. वर तोच आपला माणूस घरी येऊन म्हणतो की हे लोक मराठी शिकत नाहीत. आणि कोणी शिकलाच तर ‘आनि’, ‘पानि’ या उच्चारांवरून त्याची नक्कल करणारेही आपल्यातच आहेत. दुरुस्त करून बोलणे पुढे नेणारा चीजवाला आपल्या मंडईत मी फार पाहिलेला नाही.

बुधवारी दुपारी संस्थेच्या आवारात ‘संभाषणाचे टेबल’ असे. गावातली निवृत्त मंडळी विद्यार्थ्यांशी गप्पा मारायला येत. माझ्या वाट्याला आलेल्या माजी रेल्वे कर्मचाऱ्याने दोन तासांत मला एकही प्रश्न विचारला नाही, मात्र रेल्वेची फ्रेंच परिभाषा माझी आता पक्की आहे.

व्यवहाराचे सांगायचे तर वर्गाचे ७८० युरो मी पुन्हा भरणार नाही. ज्यांची पातळी बी-१च्या खाली आहे आणि ज्यांना तोंड उघडायचीच भीती वाटते त्यांनी जरूर भरावेत, त्या वर्गात भीती नक्की जाते. घराचे ६९० युरो मात्र मला स्वस्त वाटले. अर्ज करतानाच लेखी कळवावे की घरात इंग्रजी न बोलणारे, शक्य तर वयस्क माणूस हवे, आणि चुका काढलेल्या चालतील. माझ्या सहाध्यायी कोरियन मुलाला तरुण जोडपे मिळाले होते आणि ती तिघेही रोज रात्री इंग्रजी मालिका पाहत. शाकाहारी असाल तर तेही आधीच स्पष्ट करावे, कारण तूरची रियेत, म्हणजे डुकराच्या मांसाचा पावावर लावायचा पदार्थ, ही तिथे न्याहारी नसली तरी अभिमानाची बाब आहे, आणि नकार देताना शब्द चांगले निवडावे लागतात.

शेवटच्या दिवशी संस्थेने अभिप्रायाचा अर्ज भरायला सांगितला. मी रात्री बसून फ्रेंचमध्ये तीन परिच्छेद लिहिले, त्यात वर्गात चुका काढाव्यात ही सूचना तपशीलवार मांडली, आणि पाठवण्यापूर्वी मादामना वाचायला दिले. त्यांनी पेन्सिल मागवली. चार ठिकाणी खुणा केल्या, त्यांतली एक धातुसाधित विशेषणाच्या लिंगवचनाची होती, जी मी दरवर्षी मुलांकडून घटवून घेते. मी घाईघाईने पाठवायची खूण दाबली ती जुन्याच मजकुरावर, हे दुसऱ्या दिवशी विमानतळावर लक्षात आले. संस्थेचे उत्तर आले होते. आभार मानून त्यांनी पुढे लिहिले होते की माझे लेखी फ्रेंच अगदी निर्दोष आहे.